दहापैकी दोन

"गुरुजी, बैल पाडत्यात तसंच पाडत्यात म्हणं," दस्तगीर माझ्या कानाशी लागून म्हणाला. "डाव्या कुशीवर. गुडघं पोटाशी."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यो दाराशी बसलाय न्हवं, टोपीवाला म्हातारा, त्यानं. गेल्या बेस्तरवारी करून गेलाय. आज कागद न्यायला आलाय."

"मग बसलाय ना धडधाकट?"

"बसलाय की. पर एकाच कुल्ल्यावर बसलाय."

मी हसलो. तोही हसला, पण त्याच्या मांडीवरच्या लेंग्याची घडी तो सारखी उलगडत होता आणि पुन्हा घालत होता. मिरजेच्या एका दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघे पाठीमागून नाड्या बांधलेले हिरवे झगे घालून बसलो होतो. झग्याची मागची बाजू उघडी राहत होती, म्हणून दोघांनीही पाठ भिंतीला घट्ट टेकवली होती. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा होतो आणि दस्तगीर नालबंद माझ्याहून तीन वर्षांनी लहान.

आमच्या गावात बैलांच्या खुरांना पत्र्या, म्हणजे नाल, मारण्याचं काम दस्तगीरच्या घराण्याकडे होतं. शाळेच्या कुंपणाला लागूनच त्याचं छप्पर. बैलाच्या पायात दोर घालून तो एका हिसक्यात एवढं मोठं धूड आडवं करायचा. मुलं खिडकीतून बघत राहायची. मी फळ्यावर काहीही लिहिलेलं असो, बैल पडल्याचा धप्प आवाज आला की वर्ग माझा राहायचा नाही. शेवटी मीच मुलांना बाहेर नेऊन बसवायचो आणि दस्तगीर त्यांना खुरातलं मेलेलं शिंग कुठं संपतं आणि जिवंत मांस कुठं सुरू होतं ते दाखवायचा. "हितवर खिळा मारला तर जनावराला कायबी कळत न्हाई. एक सूतभर आत गेला की जिव्हारी." मुलांना ते माझ्या धड्यांपेक्षा जास्त लक्षात राहायचं.

त्या वर्षी शाळेत तपासणीचं शिबिर झालं होतं. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांचं रक्त घेतलं. माझ्या रक्तातला आकडा सात आला, दस्तगीरचा अडतीस. चारच्या आत असावा म्हणाले. शिबिराच्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, की लघवीच्या पिशवीखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. तिच्यात बारा ठिकाणी सुई घालून बारीक तुकडे काढून तपासायला हवेत. दस्तगीरकडे बघत ते म्हणाले, "तुमच्या बाबतीत उशीर करू नका, काका. कॅन्सर असेल आणि आत्ता सापडला तर उपाय आहे. हाडांत उतरल्यावर मग आमच्या हातात फार राहत नाही."

दस्तगीर दोन महिने गेला नाही. शेवटी एका दुपारी त्याची बायको, खातूनभाभी, माझ्या ओसरीवर आल्या. निवृत्त झाल्यापासून दुपारी गल्लीतली पोरं माझ्याकडे पाढे म्हणायला, वाचायला बसत. त्यांच्यासमोर भाभींना बोलता येईना. मी पोरांना अंगणात चिंचोके मोजायला पाठवलं.

"गुरुजी, तुम्हालाबी जायाचंच हाय न्हवं तपासायला?"

"जाऊ की कधीतरी."

"तुम्ही जाणार असला तर ते येतील. माझं ऐकत न्हाईत, पोराचं, शकीलचं ऐकत न्हाईत. तुमच्या शब्दाबाहेर न्हाईत."

त्याच संध्याकाळी मी त्याच्या छपरात गेलो. म्हणालो, "दस्तगीर, येत्या गुरुवारी मी मिरजेला निघालोय. आधी मी आत जातो. माझं बघ, मग तू ठरव."

हे मी फार विचार करून बोललो नव्हतो. ती माझी सवय होती. शाळेत लस टोचायला आरोग्य केंद्राची माणसं आली, की मी पोरांची रांग कधी उंचीनं लावली नाही. जो रडणार नाही तो पहिला. त्यानं हूं की चूं न करता दंड पुढे केला आणि हसत मागे फिरला, की मागची चाळीस पोरं निमूट टोचून घेत. पहिला रडला तर अर्धी पोरं कुंपणावरून दस्तगीरच्या छपरात. चौतीस वर्षं मी हेच केलं आणि त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. पहिल्या पोराला मी आदल्या दिवशी बाजूला घेऊन म्हणायचो, "दुखलं तरी तोंड वाकडं करायचं नाही. तुझ्यामागं सगळा वर्ग आहे."

तर असे आम्ही दोघे त्या बाकावर बसलो होतो.

थोड्या वेळानं डॉक्टर आले. डॉक्टर इंगवले. तिशीचा मुलगा, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी स्टूल ओढलं आणि ते आमच्यासमोर बसले. मोठे डॉक्टर उभ्यानं बोलतात, हा बसला, म्हणून मला तो आवडला.

"माळी गुरुजी कोण?"

"मी."

"तुम्ही पहिले. घाबरायचं काही नाही. सोनोग्राफीची नळी मागच्या बाजूनं आत घालतो, तिच्यातूनच सुई जाते. बंदुकीसारखा खटका वाजतो. आवाजानं दचकू नका. बारा खटके." मग त्यांनी दस्तगीरकडे बघितलं, त्याच्या हातातल्या लेंग्याकडे बघितलं आणि मला म्हणाले, "गुरुजी, जरा आत येता?"

आत पडदा होता आणि पडद्याच्या पलीकडे टेबल. रूथ सिस्टर यंत्राच्या वायरी लावत होत्या. डॉक्टर आवाज खाली घेऊन बोलले.

"तुम्ही शिक्षक आहात म्हणून सांगतो. इथली पद्धत अशी आहे, की बधिर करणारी जेली आत लावायची, दहा मिनिटं थांबायचं आणि काम उरकायचं. मोठे सर म्हणतात, तेवढं पुरतं. म्हातारी माणसं तक्रार करत नाहीत. मला वाटतं, पुरत नाही. ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना भुलीचं इंजेक्शन दिलं तर माणसाला फारसं जाणवतच नाही. पण त्यात वेळ जातो, आणि सर म्हणतात, आधी सिद्ध कर. पेशंटलाच विचार."

"मग विचारा की."

"तेच करतोय. तुमचं जेलीवर करतो. संपलं की तुम्ही मला एक आकडा सांगायचा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. चारच्या वर सांगितलंत तर पुढच्या प्रत्येकाला मी इंजेक्शन देणार. तुमच्या मित्रापासून. मधेच सहन झालं नाही तर हात वर करा, मी तिथंच थांबून तुम्हाला देईन. चालेल?"

"चालेल."

"पण खरा आकडा हं, गुरुजी."

"अहो, जन्मभर मार्क देत आलोय," मी म्हणालो.

त्यांनी जेली लावली. दहा मिनिटं मी डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. दस्तगीरचं खरं होतं, पाडलेल्या बैलासारखंच. मग नळी आत गेली. ती लाजच इतकी होती, की दुखणं मागे राहिलं. आणि मग पहिला खटका वाजला.

मला त्याचं वर्णन करायचं नाही. एवढंच सांगतो, की मी जेलीवर भरवसा ठेवून सैल पडलो होतो आणि पहिल्या खटक्याला माझे दात एकमेकांवर आपटले. दुसऱ्याला डोळ्यांसमोर पांढरं झालं. तिसऱ्यानंतर मी हात वर करणार होतो. पण तेवढ्यात माझी नजर पायाकडे गेली. पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता. त्याच्याखाली मला दोन अनवाणी पावलं दिसली. रुंद, भेगाळलेली, अंगठे आत वळवलेले. दस्तगीर बाकावरून उठून पडद्याशी येऊन उभा राहिला होता. ऐकत होता.

मी हात वर केला नाही. रेक्झिनची गादी मुठीत धरली आणि राहिलेले नऊ मोजले.

"झालं, गुरुजी," डॉक्टर म्हणाले. "सांगा. किती?"

आठ. नऊसुद्धा. आकडा जिभेवर होता. पण ती पावलं अजून तिथंच होती आणि मला पक्कं माहीत होतं, मी आठ म्हणालो की ती पावलं वळतील, लेंगा चढवतील आणि थेट एसटी स्टँडवर जाऊन थांबतील. आधी याला आत येऊ दे, मी मनात म्हटलं. डॉक्टरला खरं काय ते नंतर बाजूला घेऊन सांगता येईल.

"दोन," मी मोठ्यानं म्हणालो.

"दोन? नक्की?"

"दोन. मुंगी चावल्यासारखं."

डॉक्टरांचा चेहरा जरासा पडला. त्यांनी कागदावर लिहिलं. रूथ सिस्टर म्हणाल्या, "शाब्बास, गुरुजी! सर, असे पेशंट मिळाले तर काय पाहिजे?" आणि त्यांनी मला हाताला धरून पलीकडच्या दारानं शेजारच्या खोलीत नेलं, खाटेवर बसवलं. त्यांनी चहा दिला, बशीत दोन बिस्किटं ठेवली. भिंतीपलीकडून मला दस्तगीरचा आवाज आला.

"गुरुजींना दोनच दुखलं म्हंता? मग आपलं काय एवढं." आणि तो हसला. सकाळपासून पहिल्यांदा मोकळं हसला.

मी चहा प्यायलो.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, ऐकलं. पहिला खटका. दुसरा. डॉक्टरांचा आवाज: "काका, ठीक आहे ना? दुखत असेल तर सांगा. इंजेक्शन देता येतं." दस्तगीर म्हणाला, "न्हाई न्हाई, चालू द्या." तिसरा. चौथा. डॉक्टर धीर द्यायला म्हणाले, "थोडंच राहिलं. तुमच्या गुरुजींना बघा, काही झालं नाही." पाचव्या खटक्याला काहीतरी मोठं लोखंडी फरशीवर आदळलं, सिस्टर ओरडल्या आणि मग सगळं शांत झालं.

मी गेलो तेव्हा दस्तगीर भिंतीला पाठ लावून उभा होता. लेंगा चढवत होता आणि पाय लेंग्यात जात नव्हता. फरशीवर ट्रे, कापूस, बाटल्या. त्याच्या लाथेनं गेलेलं सगळं.

"काका, झोपा परत," डॉक्टर म्हणत होते. "चूक माझी आहे. मी आता इंजेक्शन देतो. दहा मिनिटं थांबू, तुम्हाला काही कळणार नाही. सातच राहिलेत."

"नगं."

"काका, पाच तुकड्यांवर नीट समजणार नाही."

"नगं म्हटलं न्हवं!" मग त्यानं मला दारात बघितलं आणि एकदम मान खाली घातली. माझ्याकडे पुन्हा न बघता तो बाहेर गेला.

मी तिथंच डॉक्टरांजवळ उभा होतो. मी आणि ते, दोघेच. सिस्टर पलीकडच्या कोपऱ्यात बाटल्या वेचत होत्या. ते म्हणाले, "कमाल आहे, गुरुजी. माणसामाणसात किती फरक असतो, नाही?"

"असतो," मी म्हणालो.

एसटीत तो उभ्यानं आला. बसवत नव्हतं, दोघांनाही नाही, पण मी बसलो. कवठ्याजवळ कुणा ओळखीच्यानं विचारलं, "का रं दस्तगीर, हुबा का?" तो म्हणाला, "जागा पावण्यांस्नी दिली." गावात उतरल्यावर मी म्हणालो, "पुढच्या गुरुवारी परत जाऊ. इंजेक्शन देऊन करतील."

"बघू," तो म्हणाला.

आठवड्यानं निकाल आला. माझ्या बारा तुकड्यांत काही नव्हतं. दस्तगीरच्या पाचांतही काही सापडलं नव्हतं. पण खाली पेनानं लिहिलं होतं, की नमुने अपुरे आहेत, तपासणी पुन्हा करणं जरूर. डॉक्टर इंगवल्यांनी शकीलला फोनही केला. मी स्वतः तो कागद दस्तगीरला वाचून दाखवला.

"म्हंजी न्हाई सापडलं न्हवं काय?" तो म्हणाला.

"पाचांत नाही सापडलं. बारा पाहिजेत."

"न्हाई सापडलं," तो खातूनभाभींना म्हणाला. "आल्लाची मेहेर."

त्यानंतर मी त्याला किती वेळा म्हणालो असेन. पाचदा, सहादा. दरवेळी तो दुसरं काहीतरी काढायचा. आता ट्रॅक्टर आले, बैल कुठं राहिलेत. शकील वेल्डिंगचं दुकान काढतोय. आणि चार माणसं जमली की तो माझी गोष्ट सांगायचा. चहाच्या टपरीवर, पारावर, एकदा तर माझ्याच ओसरीवर पोरांपुढे. "तुमचं गुरुजी म्हंजी लोखंड हाय लोखंड. बारा खिळं मारलं त्यास्नी. म्या पडद्यामागं हुबा हुतो. आवाज न्हाई! दोन म्हणालं फकस्त. दहातलं दोन." पोरं माझ्याकडे डोळे मोठे करून बघायची. मी "चला, पाठ कुठं आला होता?" म्हणायचो.

आपण पळून आलो ते तो कुणाला सांगायचा नाही. आणि मीही नाही. मला वाटायचं, मी त्याची अब्रू सांभाळतोय.

पुढच्या दिवाळीनंतर त्याची कंबर धरली. आयुष्यभर बैल पाडले, कंबर धरणारच, असं सगळे म्हणाले. तेल झालं, शेक झाला. मग एक दिवस छपरात उभ्या उभ्या त्याचा पाय मोडला. पडला नव्हता, कशाला धडकला नव्हता. सांगलीला फोटो काढला तेव्हा डॉक्टरांनी शकीलला आत बोलावून घेतलं. हाडांत उतरलं होतं, पाठीच्या कण्यापासून मांडीपर्यंत.

मी रोज संध्याकाळी जायचो. तो छपराच्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. शकील मला बाहेर काढून म्हणायचा, "गुरुजी, डॉक्टर म्हणतात, या आजारात हाडं फार दुखतात. ते दुखण्याचं औषध द्यायला तयार हैत. पर अब्बांना इचारलं की न्हाई म्हंत्यात. सिस्टर घरी येऊन इचारून गेली, तिलाबी न्हाई म्हणालं. दुखत नसंल तर चांगलंच हाय म्हणा."

मी आत बघितलं. घोंगडीखाली त्याचं अंग ताठ होतं. कपाळावर घाम. माघाची थंडी होती.

त्या दिवशी शकील बाहेर गाडी पुसत होता आणि भाभी चुलीपाशी पीठ मळत होत्या. खोलीत आम्ही दोघेच. मी त्याच्या उशाशी बसलो.

"दस्तगीर, दुखतंय का रे?"

"न्हाई."

"डॉक्टर गोळ्या देतो म्हणतोय."

"कशाला?" तो भिंतीशीच बोलला. मग म्हणाला, "गुरुजी, एक सांगू? हसू नगा."

"सांग."

"मिरजेला परत आलो न्हाई ते दुखलं म्हणून न्हवं. दुखणं काय, काढलं असतं. पर त्या खोलीत परत कुठल्या तोंडानं जायाचं? तुमास्नी बारा मारलं, दोन म्हणालात. मला पाच मारलं तर म्या जनावरागत लाथ हाणली. त्या बाईम्होरं. म्हटलं, जलमभर मुक्या जीवांस्नी पाडलं, खिळं मारलं, आन् सवताचा टाइम आला तर काळीज उंदराचं निघालं. लई लाज वाटली, गुरुजी. खातूनलाबी सांगिटलं न्हाई." तो दम घ्यायला थांबला. "आता तरी न्हाई वरडायचं. एवढं ठरीवलंय."

बाहेर शकीलनं बादली उलटी केल्याचा आवाज आला.

चौतीस वर्षं मी मुलांना शिकवलं. समोरच्याला कळेल असं सांगणं हे एवढंच काम मला येतं. तरी ते एक वाक्य बोलायला मला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही.

"दोन नव्हतं," मी म्हणालो.

"काय?"

"मला आठ दुखलं होतं. नऊच म्हण. पडद्याखाली तुझी पावलं दिसत होती. खरं बोललो तर तू निघून जाशील म्हणून मी दोन म्हणालो."

त्यानं घोंगडीची कड मुठीत धरली.

"आणि ऐक, अजून आहे. मी चारच्या वर सांगितलं असतं तर ते तुला भुलीचं इंजेक्शन देणार होते. मला आधी सांगितलं होतं त्यांनी. तुला काही कळलंसुद्धा नसतं. तुला जेली लावून दहा मिनिटं ठेवलं होतं, तेव्हा मी शेजारच्या खोलीत होतो. उठून सांगता येत होतं. सांगायचं ठरवलंही होतं. पण सिस्टर शाब्बास म्हणाली, आणि मी चहा पीत बसलो."

त्यानं हळूहळू तोंड माझ्याकडे वळवलं. नुसतं तोंड, कारण अंग वळत नव्हतं. त्याचे डोळे खोल गेले होते.

"आठ?"

"आठ. नऊ."

"म्हंजी माजंबी तेवढंच आसंल."

"तेवढंच होतं. तू काही वेगळा नव्हतास, दस्तगीर. तुझ्यात काही कमी नव्हतं."

"हात वर कराय सांगिटला हुता मला डॉक्टरनं."

"मलाही सांगितला होता."

"न्हाई केलात?"

"नाही."

मला वाटलं, आता शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"तवा सांगायचं हुतं, गुरुजी," तो म्हणाला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "एसटीत सांगायचं हुतं. कागद वाचून दाखीवला तवा सांगायचं हुतं. म्या दुसऱ्या दिवशी गेलो असतो."

"हो," मी म्हणालो.

त्यानं डोळे मिटले. एक श्वास आत घेतला, तो मधेच अडला, आणि मग त्याच्या तोंडातून एक आवाज आला. आधी बारीक, दाबलेला. मग त्यानं तो दाबायचं सोडून दिलं. मी त्या घराशेजारच्या शाळेत आयुष्य काढलं होतं, त्या छपरातले सगळे आवाज मला माहीत होते. हा मी कधी ऐकला नव्हता. बाहेरून शकील पळत आला. खातूनभाभी पिठाचे हात तसेच घेऊन आल्या.

"अब्बा! काय झालं, अब्बा?"

"दुखतंय," दस्तगीर म्हणाला. "लई दुखतंय रं. कवाधरनं दुखतंय. पायात न्हाई, समद्या अंगात. शकील, कुणाला तरी बोलीव बाबा. औषध दे म्हणावं."

"आत्ता जातो," म्हणत शकीलनं किल्ली शोधली आणि अनवाणीच गाडीवर बसला. भाभी उशाशी बसल्या. मी जिथून उठलो होतो, त्याच जागी. त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, त्याच्या केसांना पीठ लागलं, आणि तो मोठमोठ्यानं कण्हत राहिला. भाभी त्याला गप्प हो म्हणाल्या नाहीत.

मी भिंतीला लागून उभा होतो. शकील डॉक्टरांना घेऊन येईपर्यंत तासभर तरी गेला असेल. तेवढ्या वेळात मला कुणी बसा म्हणालं नाही, आणि जा असंही कुणी म्हणालं नाही.